एक तार उजवीकडून, एक डावीकडून

माझ्या सासूबाई मोटर वायंडिंगचं काम करतात. जळलेली मोटर उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार ओढून काढायची, वेढे मोजून नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि फिरवून बघायचं. पाण्याचे पंप, पंखे, लेथच्या मोटरी, जे येईल ते. सासरे अचानक गेले तेव्हा दुकानात एक मोटर अर्धवट गुंडाळलेली होती. आता दुकान विकायचं की भाड्याने द्यायचं यावर नातेवाईक बाहेर बोलत बसले होते, तेवढ्यात सासूबाई आत जाऊन स्टुलावर बसल्या आणि ती मोटर पुरी करायला लागल्या. इतकी वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून बघितलेलं हातात कधी उतरलं होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. मी लग्न होऊन आले आणि दोन वर्षांत त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायला लागले.

हात सोन्याचे, पण स्वभाव भयंकर काळजीचा. मोटर दिल्यावर चार दिवसांनी गिऱ्हाइकाला फोन करून विचारायच्या, "गरम होत नाही ना?" तोवर मजेत असलेला माणूस त्या प्रश्नाने घाबरायचा आणि मोटरीवर हात ठेवून बसायचा. मी एकदा म्हटलं, "आई, तुम्ही विचारता म्हणून त्यांना शंका येते." तर म्हणाल्या, "आलीच पाहिजे."

त्यांची मोठी बहीण अगदी उलट. मी त्यांना मावशी म्हणते. चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षी शिडाची बोट चालवायला शिकायला गेल्या. तिथे सगळे विशीतले. त्यांना पहिल्याच दिवशी शिडाच्या आडव्या दांड्याचा फटका डोक्यात बसला, टेंगूळ घेऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, "मजा आली." निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी बोट घेतली. सत्तावीस फुटांची, पांढरी, कडेने निळा पट्टा. नाव रंगवायचं दर महिन्याला ठरायचं आणि राहून जायचं, म्हणून बोटीवर नुसता नंबर होता.

त्या फेब्रुवारीत मावशी दुकानात आल्या, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "धाकटे, मला बोटीवर सोलर बसवून हवंय."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "कशाला?"

"बेटावर जायचंय. एकटीने."

समोरच्या समुद्रात तीन दिवसांच्या अंतरावर एक बेट आहे. तिथल्या छोट्या दवाखान्यात मावशींची पहिली नेमणूक झाली होती. बाविसाव्या वर्षी त्या प्रवासी बोटीने तिथे गेल्या होत्या आणि सगळा वेळ ओकत होत्या. आता स्वतःच्या शिडाने जायचं, महिनाभर राहायचं आणि परत यायचं, असं त्यांच्या डोक्यात होतं. अडचण एकच होती. मावशींना मधुमेह आहे आणि इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. दुपारी बोटीची केबिन म्हणजे भट्टी. छोटा फ्रिज होता, पण तो चालवायला बॅटरी, बॅटरी भरायला इंजिन, आणि इंजिन इतकं जुनं की मावशी त्याला पेशंट म्हणायच्या.

"म्हणजे सोलर बंद पडलं तर तुझं औषध नासणार," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून तर तुझ्याकडे आले."

"दुसऱ्या कोणाकडून करून घे."

"दुसऱ्या कोणावर विश्वास नाही माझा."

सासूबाईंनी हातातली कॉइल खाली ठेवली. मला वाटतं, त्या क्षणापासून त्यांचा जीव जो टांगणीला लागला तो पुढचे दोन महिने खाली उतरला नाही.

त्या कामाला लागल्या, पण मनातून निमित्त शोधत होत्या. मापं घेऊन आल्या की म्हणायच्या, "तिथे बसणार नाही पॅनेल." दुसऱ्या दिवशी स्वतःच कागदावर चौकट काढून म्हणायच्या, "मागच्या बाजूला पाइपांची कमान केली तर बसेल." वेल्डरकडून स्टेनलेसची कमान करून घेतली. तिच्यावर दोन पॅनेलं आडवी बसायची होती. सासूबाईंना पाण्याची भीती. धक्क्यावरून बोटीवर जायची फळी दीड हात लांब असेल, पण ती ओलांडताना त्या माझा दंड असा धरायच्या की संध्याकाळी निळा डाग दिसायचा. पहिल्या दिवशी तीन नट आणि एक पाना पाण्यात गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक हत्याराला दोरी बांधून तिचं टोक मनगटाला बांधलं. चालताना खुळखुळ आवाज यायचा.

"जनावर आलंय वाटतं बोटीवर," मावशी आतून म्हणायच्या.

बोटीला भोक पाडायची वेळ आली तेव्हा मात्र त्या अडून बसल्या. तार कमानीवरून डेकमधून आत घ्यायची होती. ड्रिल हातात धरून पाच मिनिटं नुसत्या उभ्या.

"धाकटे, ते पाण्याच्या वर आहे. तिथून बोट बुडत नाही."

"पाणी वर येतं ना पण."

"मग बूच लाव चांगलं."

त्यांनी रबरी बूच लावलं, भोवती सिलिकॉन भरलं, वाळल्यावर त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि मला आत आडवं झोपवून टॉर्चने बघायला लावलं. एक थेंब आला नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा एक बादली. वाऱ्याने पॅनेल उडेल म्हणून आपसूक न सुटणारे नट घातले. ॲल्युमिनियम आणि स्टील खाऱ्या हवेत एकमेकांना खातात असं कुठेतरी वाचलं, म्हणून दोन्हींच्या मधे रबराच्या पट्ट्या घातल्या. दोरीची सावली पॅनेलवर पडली तर वीज किती कमी होते ते मीटर लावून मोजलं. बॅटरीजवळ फ्यूज घातला, एक जादा फ्यूज शेजारी चिकटवून ठेवला आणि दुसरा मावशींच्या पर्समध्ये टाकला.

केबिनच्या दाराशेजारी बाहेरच्या भिंतीत होकायंत्र बसवलेलं होतं, नारळाएवढं, काचेच्या अर्ध्या गोळ्यात. सुकाणू धरून बसलं की ते समोर दिसायचं. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला कोरडी जागा होती, म्हणून तारा तिथून न्यायचं ठरलं. सासूबाईंची शिस्त अशी की प्लस आणि मायनस कधी जवळ ठेवायचे नाहीत, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी हात घातला तरी गफलत होणार नाही. लाल तार होकायंत्राच्या उजवीकडून खाली आली, काळी डावीकडून. काळी तार मीच ओढून घेतली आणि क्लिपा मारल्या. इतकं देखणं काम आम्ही कधी केलं नव्हतं. मावशींनी फोटो काढून सासूबाईंना पाठवला.

संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात चालू करून पाहिलं. फ्रिज गुरगुरला, मीटरवर आकडे आले. बोट धक्क्याला बांधलेली. होकायंत्राकडे बघायचं तेव्हा कोणालाच काही कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी मावशी निघाल्या. पहिला दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने, दुसरा मोकळ्या समुद्रात, आणि तिसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, बेटाच्या अलीकडे पाण्याखालच्या खडकांची एक लांब रांग. ती डाव्या हाताला ठेवून लांबून वळसा घालायचा. मावशींच्या फोनमध्ये नकाशा होता, पण तो त्या सकाळ-संध्याकाळ फक्त बघणार होत्या. "दिवसभर स्क्रीन बघायला मी काय ऑफिसात बसलेय का?" त्या म्हणाल्या होत्या. मधल्या वेळात होकायंत्र. त्यांना ते वाचायला आवडायचं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला कप्तान दुकानात आले. सगळे त्यांना कप्तान म्हणतात, प्रत्यक्षात ते मोठ्या जहाजावर तीस वर्षं स्वयंपाकी होते. पण जहाजाबद्दल त्यांना कप्तानापेक्षा जास्त कळतं असं त्यांचं म्हणणं, आणि ते फारसं खोटं नसावं. पंख्याची मोटर टेबलावर ठेवून ते गप्पा मारायला बसले. सासूबाईंनी कौतुकाने त्यांना फोनमधला तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला, जवळ आणला.

"ह्या तारा भिंतीतून कुठे गेल्या?"

"इथूनच खाली. आतल्या बाजूने. एक इकडून, एक तिकडून."

"म्हणजे होकायंत्राच्या मागून."

"हो."

कप्तानांनी फोन टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "आमच्या जहाजावर होकायंत्राजवळ साधा रेडिओसुद्धा ठेवू देत नसत."

सासूबाईंनी फोन परत घेतला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी समोरून बघितलं. तारेतून वीज गेली की तारेभोवती चुंबक तयार होतं. ही गोष्ट शाळेत शिकून विसरून जायची असते, पण आमचं घर तिच्यावर चालतं. सासूबाईंनी सत्तावीस वर्षं दुसरं काही केलंच नव्हतं. तांब्याच्या तारेचं चुंबक करायचं, इतकंच.

त्या उठल्या. घरात जाऊन माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पेटीतलं छोटं होकायंत्र घेऊन आल्या. टेबल मोकळं केलं, त्यावरचे पाने, पकडी सगळं लांब सरकवलं. बॅटरीला गाडीच्या हेडलाइटचे दोन बल्ब जोडले, म्हणजे बोटीवर भर दुपारी जेवढी वीज यायची साधारण तेवढी झाली. एक तार होकायंत्राच्या उजवीकडून, एक डावीकडून. अंतरसुद्धा पट्टीने मोजून ठेवलं. बटण दाबलं. बल्ब पेटले आणि सुई गर्रकन वळून भलत्याच ठिकाणी थांबली. बटण बंद, सुई जागेवर. पुन्हा चालू, पुन्हा वळली.

"वीस अंश," कप्तान म्हणाले. "जास्तच."

"ऊन असलं की," सासूबाई म्हणाल्या. "ऊन नसलं की बरोबर दाखवणार. सकाळी ती बघणार तेव्हा बरोबर. दुपारी चूक. तिला कळणारच नाही."

त्यांनी मावशींना फोन लावला. लागत नव्हता. लागणार नाही हे माहीत होतं, तरी चार वेळा लावला.

आम्ही दुकान तसंच उघडं टाकून निघालो. कप्तान म्हणाले मी बसतो. बंदराच्या कचेरीत वरच्या मजल्यावर वायरलेसची खोली आहे. तिथे एक पन्नाशीचा माणूस कानाला हेडफोन लावून बसलेला, समोर स्टीलचा पेला. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बोटीचं नाव?"

"नाव नाही. रंगवायचं राहिलंय."

त्याने सासूबाईंकडे पाहिलं.

"पांढरी आहे, निळा पट्टा," मी म्हटलं. "मागे कमानीवर दोन सोलर पॅनेलं. आत एकटी बाई. एकसष्ट वर्षांची."

"त्यांच्याकडचा रेडिओ छोटा असणार. माझ्या टप्प्याबाहेर गेल्या त्या. पण मासेमारीच्या बोटी आहेत त्या बाजूला. एकीला सांगतो, ती पुढचीला सांगेल. निरोप लहान ठेवा. लांब निरोप वाटेत फाटतो."

सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "होकायंत्र बघायच्या आधी पॅनेलचा स्विच बंद कर."

त्याने लिहून घेतलं. त्यांनी ते त्याला वाचून दाखवायला लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने न चिडता पुन्हा वाचलं, आणि मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. मग त्याने बटण दाबून बोलायला सुरुवात केली. पलीकडून खरखर आली, एक आवाज आला, गेला. कोणीतरी म्हणालं, कळलं. कोणाला काय कळलं ते आम्हाला कळलं नाही.

"गुरुवारी दुपारपर्यंत काही आलं नाही तर आमची बोट निघेल," तो माणूस म्हणाला.

"आत्ताच का नाही?"

"बाई, अजून त्यांना उशीरसुद्धा झालेला नाही."

बुधवार उजाडला तो स्वच्छ. सासूबाई सातपासून दुकानाच्या दारात उभ्या होत्या, मान वर करून. आकाशात एक पांढरा ठिपका नाही. ऊन वाढत गेलं. एक गिऱ्हाईक म्हणाला, "आज छान ऊन पडलंय," तर त्याच्याकडे असं पाहिलं की तो पंप ठेवून लगेच गेला. दर तासाला मी वायरलेसच्या खोलीत फोन करायचे. एका बोटीने निरोप पुढे दिलाय. पुढचीने घेतला की नाही माहीत नाही. तिथून पुढे काही नाही.

दुपारी दीडला, म्हणजे मावशी खडकांच्या जवळ असायच्या वेळेला, सासूबाई कप्तानांच्या पंख्याची मोटर घेऊन बसल्या. वेढे मोजताना चुकल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वेढे चुकताना बघितलं. उलगडून पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकल्या. मग हात थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला ती जायला नको होती."

"माहीत आहे मला."

"रोज वाटायचं, काहीतरी अडावं. चौकट बसू नये. वेल्डर आजारी पडावा. काहीही." त्यांनी तारेचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला कळत नाही असं नाही ना हे. मी शंभर गोष्टी तपासल्या. हीच एक कशी सुटली? माझ्या हातून मुद्दाम झालं का?"

मी म्हटलं, "आई, काळी तार मी ओढली. क्लिपा मी मारल्या. मीही तुमच्याकडेच शिकलेय, मलाही सुचलं नाही. मग माझ्याही मनात काही होतं का?"

त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "तुझं तू बघ."

एवढ्या भीतीतही मला हसू आलं. त्यांना नाही आलं. नुसतं बोटावरची तार सोडली आणि वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले, मोठ्याने, एक, दोन, तीन, शाळेतल्या मुलीसारखं. मीही त्यांच्याबरोबर मोजत राहिले. दुसरं काय करणार होतो.

संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. माझा नवरा कारखान्यातून आल्यावर आईला समजावत बसला. मावशीने इतकी वर्षं वॉर्ड सांभाळला, घाबरणारी नाही, नकाशा आहे तिच्याकडे. प्रत्येक गोष्टीला त्या "हो" म्हणाल्या. जेवल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी दहाला वीस मिनिटं कमी असताना दुकानातला फोन वाजला. त्या अगदी शेजारी होत्या, पण त्यांनी उचलला नाही. माझ्याकडे बघितलं. मी उचलला.

"धाकटी कुठाय?" मावशी म्हणाल्या.

मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. त्या "ताई" म्हणाल्या आणि खाली बसल्या. स्टूल नव्हतंच मागे, जमिनीवरच बसल्या. पुढचं सगळं मी फोनला कान लावून ऐकलं.

मंगळवारी सारखं ऊन होतं, त्यामुळे होकायंत्र जागचं हललं नाही; संध्याकाळी नकाशात बोट बरीच बाजूला दिसली तेव्हा मावशींना वाटलं, वाऱ्याने ढकललं. बुधवारी सकाळी हवा इथल्यासारखी स्वच्छ नव्हती तिकडे. ढग येत-जात होते. साडेदहाच्या सुमाराला मावशींना दिसलं की होकायंत्र हळूहळू फिरतंय. त्यांनी सुकाणू वळवून बोट जागेवर आणली. थोड्या वेळाने ते उलटं फिरलं. त्यांना पहिलं काय वाटलं असेल तर आपली साखर उतरली. चक्कर येतेय, म्हणून सगळं फिरल्यासारखं वाटतंय. नर्सच त्या. सुकाणू दोरीने बांधलं, बोटाला सुई टोचून साखर तपासली, ठीक निघाली. तरी दोन बिस्किटं खाल्ली. होकायंत्र फिरतच होतं.

"तोवर मी तास-दीड तास त्याच्या मागे मागे बोट वळवत होते," मावशी म्हणाल्या. "मग पुढे पाण्यावर पांढरा फेस दिसला. वारा एवढा नाही आणि फेस कसला? म्हटलं हेच ते. डावीकडे लांब असायला हवे होते खडक, समोरच होते."

"किती लांब?"

"जाऊ दे ना."

"ताई, किती लांब?"

"आपल्या दुकानापासून पाण्याची टाकी आहे ना, तेवढे."

सासूबाईंनी डोळे मिटले. पाण्याची टाकी आमच्या दुकानातून दिसते.

मावशींनी बोट वळवली, उलट दिशेला नेली, शीड उतरवलं आणि मोकळ्या पाण्यात नुसत्या बसून राहिल्या. मग पेशंटचा तक्ता लिहितात तसा त्यांनी कागदावर तक्ता केला. वेळ, ऊन की ढग, होकायंत्र किती अंश. पाऊण तास पाच-पाच मिनिटांनी नोंद घेतली. ऊन आलं की वळतं, ढग आला की परततं. मग पॅनेलचा स्विच बंद केला. भर उन्हात होकायंत्र जागेवर आलं आणि हललं नाही. त्या दुपारी त्यांनी फोनमधला नकाशा बघत बघत, स्विच बंद ठेवून, लांबून वळसा घातला आणि संध्याकाळी उजेड असतानाच बेटाच्या धक्क्याला लागल्या. तिथला फोनचा टॉवर बुधवारी बंद होता म्हणून कळवता आलं नाही.

"आणि निरोप? निरोप मिळाला नाही तुला?"

"मिळाला की. धक्क्याला लागताना एक मच्छीमार ओरडून सांगून गेला. तुमच्या बहिणीने सांगितलंय, होकायंत्र बंद करून पॅनेल बघा." मावशी थांबल्या. "मी म्हटलं, बघते."

सासूबाई रडायला लागल्या. आवाज न करता, जमिनीवर बसूनच. पलीकडून मावशी म्हणाल्या, "औषध थंड आहे, धाकटे. फ्रिज एक मिनिट बंद पडला नाही." त्यावर ह्या आणखीच रडल्या.

शनिवारी आम्ही दोघी प्रवासी बोटीने बेटावर गेलो. ज्या बाईला दीड हाताची फळी ओलांडता येत नव्हती ती आठ तास कठड्याला धरून बसली, मांडीवर हत्यारांची पिशवी. ओकून ओकून चेहरा पांढराफटक पडला होता. मी केबिनमध्ये चला म्हटलं तर मानेनेच नको म्हणाल्या. पाण्याकडे लक्ष ठेवायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. कोणी ठेवलं नाही तर काय होईल, ते त्यांनी सांगितलं नाही.

मावशी धक्क्यावर उभ्या होत्या, उन्हाने काळ्या पडलेल्या. दोघी बहिणी गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. सासूबाईंनी नुसतं विचारलं, "स्विच बंद आहे ना?" आणि बोटीवर चढल्या. मला धरायला विसरल्या.

दोन्ही तारा त्यांनी मुळापासून काढल्या. यावेळी लाल आणि काळी एकमेकींना वेणीसारखा पीळ घालून एकत्र केल्या, म्हणजे एकीचं चुंबक दुसरी मारते, आणि त्या पार दुसऱ्या बाजूने, होकायंत्रापासून हातभर लांब, फ्रिजच्या मागून नेल्या. काम पहिल्याइतकं देखणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी बारा वाजता, ऊन माथ्यावर असताना, मावशी होकायंत्रासमोर बसल्या आणि सासूबाई आत स्विचपाशी.

"चालू."

"एकशे दहा."

"बंद."

"एकशे दहा."

असं वीस वेळा तरी झालं असेल. मग मावशी म्हणाल्या, "आता मी आकडा पाठ म्हणतेय, बघत नाहीये." तेव्हा कुठे त्या बाहेर आल्या.

त्या दुपारी केबिनच्या सावलीत बसून सासूबाईंनी मला सांगितलेलं मावशींना सांगितलं. तू जाऊ नयेस असं वाटत होतं, आणि त्यातून तर हे झालं नाही ना. मावशींनी लगेच समजूत काढली नाही. हातातली दोरी गुंडाळून पुरी केली.

"नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका म्हातारीला शेजारच्या खाटेवरचं इंजेक्शन दिलं होतं," त्या म्हणाल्या. "ती दिवसभर शिव्या द्यायची, मला नकोशी झाली होती. वाचली ती. पण मीही हाच विचार केला होता. वर्षभर केला. काही सापडलं नाही. त्यानंतर प्रत्येक खाटेपाशी थांबून नाव विचारायला लागले. ओळखीचा पेशंट असला तरी. लोक हसायचे."

"मग गेला का विचार?"

"नाही. पण चूक पुन्हा झाली नाही."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही सांगता येत नाही, पण त्या दिवशी दुपारी जेवल्या आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपल्या.

मावशी महिन्याभराने परत निघाल्या, आणि ते तीन दिवस आमच्या घरात पहिल्या खेपेसारखेच काळजीत गेले. फोन करून करून वायरलेसवाल्याला आमचे आवाज ओळखू यायला लागले. मावशी ठरल्या दिवशी, ठरल्यापेक्षा दोन तास आधीच, धक्क्याला लागल्या. बोटीवर आता नाव रंगवलंय. त्या वायरलेसवाल्याच्या सांगण्यावरून.

आता सासूबाईंकडे बोटीची कामं येतात, वर्षाला पाच-सहा. मावशींनीच ती गोष्ट सगळीकडे सांगितली, आणि मला वाटलं होतं त्यामुळे कोणी येणार नाही. पण लोक म्हणतात, ज्या बाईने स्वतःची चूक दुरुस्त करायला आठ तास ओकत प्रवास केला तिच्याकडेच काम द्यावं. गिऱ्हाईक पॅनेलचं बोलायला लागलं की त्या आधी विचारतात, "होकायंत्र कुठे बसवलंय?" मग स्वतः जाऊन बघतात, भर दुपारी, घामाघूम होत. काम झाल्यावर चार दिवसांनी फोन करतात. फोन उचलला गेला नाही तर पाचव्या दिवशी मला धक्क्यावर पाठवतात, बोट जागेवर आहे का बघायला.